आशाबाईची खिडकीची जागा

कुरुंद्याचा उकंडराव एष्टीत कधी उभा राहून गेला, असं सांगणारा माणूस अख्ख्या वसमत तालुक्यात सापडायचा न्हाई. गाडी फलाटाला लागायच्या आधी ह्याचा टावेल खिडकीतून आत जायचा अन् बराबर सीटवर पडायचा. टावेल पडला की जागा झाली. मग हा तंबाखू मळत, दारातली रेटारेटी बघत, सावकाश चढायचा. गावातले म्हणायचे, "उकंडराव, तुमी सरणावर बी आधी टावेल टाकसाल."

"टाकणारच. तुमी मधी घुसले तं?"

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात हळद उकडून, वाळवून घरात पडली तसा तो बायकोला, आशाबाईला, घेऊन हैदराबादला लेकीकडं गेला. आशाबाईनं नांदेडच्या पुढचं जग बघितलेलं नव्हतं. जावयाला सुटी न्हाई. त्यानं दोघांना शहर दाखवणाऱ्या लाल गाडीत बसवून दिलं अन् पत्त्याची चिठ्ठी सासऱ्याच्या खिशात घातली.

"मामा, एकच तिकीट दिवसभर चालतं. वाटंल तिथं उतरा, बघा, अन् मागून येईल त्या गाडीत बसा."

"कळलं," उकंडराव म्हणाला. कळलं एवढंच, की तिकीट दिवसभराचं हाय. धरलेली जागा सोडून दुसऱ्याच गाडीत चढायचं, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं न्हाई.

चारमिनारपाशी गाडी थांबली. माणसं भराभर उतरली. उकंडराव उठला तशी आशाबाई म्हणाली, "अन् जागा?"

खिडकीची जागा, ती बी ड्रायव्हरच्या मागची. त्याला पटलं. "बरं, तू बस. मी बघून येतो, मग तू जाय. कोणी कितीबी म्हणू दे, उठू नको." तिच्या शेजारी टावेल पसरला अन् उतरला.

मान वर करून तो मिनार बघून राहिला होता, तेवढ्यात मागं इंजिन गुरगुरलं. वळला तर गाडी निघालेली.

"ए! थांब! बाई हाय आत!"

तो पळाला. हातगाडे, रिक्षा, बुरख्यातल्या बाया, सगळे नेमके त्याच्याच आडवे आले. गाडी गेली.

बांगड्या विकणाऱ्या एका म्हाताऱ्यानं त्याला धरलं. "क्या हुआ चाचा?"

"औरत गई हमारी! बस में!"

"तो यहींच ठैरो. बसां घूम के यहींच आते."

म्हाताऱ्यानं बराबर सांगितलं होतं. पण बायको पुढं चाललेली अन् आपण एका जागी उभं राहायचं, हे उकंडरावच्या पायांना मंजूर नव्हतं. मागून दुसरी लाल गाडी आली तसा तो चढला. तशीच खिडकी, तशीच सीट, अन् सीटवर एक चष्मेवाला. 'उठा, आमची जागा हाय,' हे त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं.

"कंडक्टरसाब, अगली गाडी पकडो ना."

"चाचा, बस है, घोडा नहीं."

आशाबाईला पत्ता ठाऊक न्हाई, चिठ्ठी ह्याच्या खिशात. हिंदी तिला 'पानी' एवढंच. कोण्या नाक्यावर बावरून उतरली, तर हिला हुडकायचं कुठं? गाडी थांबंल तिथं तो खाली उडी टाकायचा, तिच्या लुगड्याचा हिरवा रंग हुडकायचा अन् मागच्या गाडीत चढायचा. किल्ला आला, गेला. तळं आलं, त्यात मधोमध उभा बुद्ध, त्याच्याकडं ह्यानं धड बघितलं बी न्हाई.

तळ्याच्या कडेनं समोरून एक लाल गाडी आली. ड्रायव्हरच्या मागं, खिडकीत, आशाबाई!

उकंडरावनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "आशे! उतर! खाली उतर!"

तिनं बघितलं. तोंडभर हासली. शेजारची सीट हातानं थापटून दाखवली, जागा हाय, या म्हणून. गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या.

मग मात्र त्याचं अवसानच गेलं. "भाई, ये बसां आखिर में किदर जाते?" त्यानं कंडक्टरला विचारलं.

"डिपो में. और किदर?"

डिपोत जाऊन तो बसून राहिला. गाडी आली की चढायचा, रिकाम्या सीटा बघून उतरायचा. डिपोतले हसायला लागले. दिवे लागले तेव्हा एका गाडीत कंडक्टर हात जोडून बोलून राहिला होता, "अम्मा, उतरो! खतम हो गया!"

"न्हाई. मालक येऊन राहिलेत."

शिव्या घोळवतच उकंडराव चढला. तिचं तोंड बघितलं अन् शिव्या गिळल्या. ओठ पार वाळलेले. पाणी प्यालं तर बाहेर जावं लागंल, म्हणून दिवसभर घोट घेतला नव्हता.

"काहून उतरली न्हाई?"

"तुमीच म्हणले ना."

ती उठायला गेली तर पाय उठंनात. त्यानं दंडाला धरून तिला खाली घेतली. ती त्याच्या कानाशी म्हणाली, "आधी कुठं आडोसा बघा. आता दम न्हाई मला."

बायांच्या मोरीला कुलूप. चावीवाला घरी गेलेला. उकंडरावनं ह्याला विचारलं, त्याला विचारलं, जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवी. शेवटी त्यानं तिला एका बंद पडलेल्या गाडीच्या मागं नेलं अन् तिच्याकडं पाठ करून उभा राहिला. तिकडूनच ड्रायव्हर लोकांचा घरी जायचा रस्ता.

"क्या है चाचा, हटो ना."

"कुछ नहीं. इदर से मत जाव, भाई. पाया पडतो."

"झालं का?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"अजून न्हाई. गुडघेच वाकंनात," मागून आशाबाई कण्हली.

समोरून आणखी चौघंजण गप्पा मारत येऊन राहिले होते. उकंडरावनं दोन्ही हात पसरले.