दोन ठोके आणि एक खर्र...

सगळ्यात आधी इब्राहिमचाचांचं नाव लिहितो. दाभोळचे इब्राहिमचाचा, आमच्या जहाजावरचे गन-मेकॅनिक. पुढचं वाचून तुम्ही मला येडा म्हणा, खोटारडा म्हणा... पण त्यांचं नाव आधी वाचा. त्यांच्यामुळं एक माणूस आज जिवंत आहे, आणि मी अजून कामावर आहे.

मी धाराशिव जिल्ह्यातला, तेरच्या अलीकडं आमचं गाव. शाळा आठवीत सुटली, तेव्हा लिहिण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्या. जहाजावर नेट मिळेल तेव्हा या ग्रुपवरचे अनुभव वाचतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच अनुभवांना हसलोय. भूत, चकवा, बाहेरची बाधा — मी यातलं कधी काही मानलं नाही. अजूनही मानतो का... माहीत नाही. जे झालं ते सांगतो.

आधी मी उमरग्याला बोअरच्या गाडीवर होतो, कॉम्प्रेसर बघायला. त्याच कामाच्या ओळखीनं समुद्रावर आलो. आमचं जहाज तेल काढत नाही, नुसतं शोधतं. जहाजाच्या मागं पाण्यात लोखंडी गन सोडलेल्या असतात. त्यात दाबून भरलेली हवा एकदम सोडली की मोठा दणका बसतो. तो दणका समुद्राच्या तळाखालच्या खडकात जातो, परत येतो, आणि मागं सोडलेल्या लांबच लांब केबली तो ऐकतात. त्यावरून साहेब लोक खाली काय आहे ते सांगतात. गनला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरवर मी हेल्पर.

पहिल्यांदा ते काम बघितलं तेव्हा मला आमचा नामदेवमामा आठवला. आईचा थोरला भाऊ. तो विहिरीत सुरुंग लावायचा. आमच्याकडं विहीर म्हणजे काळा खडक, फोडल्याशिवाय पाणी नाही. सगळे वर आले की वात पेटवायच्या आधी मामा काठावरच्या दगडावर पहार तीनदा हाणायचा. ठण, ठण, ठण. म्हणजे, “खाली कोण हाय का?” हाक मारली तर विहिरीत आवाज घुमतो, काय बोलला कळत नाही, म्हणून पहार. खाली कोणी राहिला असेल तर त्यानं दोन ठोके द्यायचे. ठोके आले नाहीत तरच काडी लावायची. आमच्या भागात सुरुंगाचं काम करणारे सगळे असंच करायचे. मामा स्वतः खाली असला तर त्याचे ठोके लगेच ओळखू यायचे. त्याची दोन बोटं तुटलेली होती, मूठ नीट बसायची नाही, त्यामुळं दुसऱ्या ठोक्यानंतर पहार घसरून दगडावर घासायची. ठण... ठण... खर्रर्र.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. सोलापूरच्या दवाखान्यात गेला, छातीच्या दुखण्यानं. विहिरीत नाही.

तर जहाजावर गन सुरू व्हायच्या आधी मी पान्यानं कठड्यावर तीन ठोके द्यायचो. कुणी सांगितलं नव्हतं. न विचारता दणका उडवायला मन धजायचं नाही, एवढंच. पोरं लई चिडवायची. माझ्या कागदांवर जिल्ह्याचं जुनं नाव, म्हणून सगळे मला ‘उस्मानाबाद’ म्हणतात. “ए उस्मानाबाद, वाजव बाबा तुझी घंटा, मासे जेवायला बसलेत!” सगळ्यात मोठ्यानं हसायचा रमणा, श्रीकाकुळमकडचा, कामाच्या छोट्या बोटीवरचा. (बोलणं सगळं हिंदीत होतं, मी आपल्या भाषेत लिहितोय.) पण हाच रमणा मला आमटीतलं गाजर काढून द्यायचा, कारण घरची आठवण आली की मी नीट जेवायचो नाही.

त्या दिवशी दुपारी गनच्या फुग्यांमध्ये मासेमारीचं जाळं अडकलं. गन पाण्यात लटकत्या राहाव्यात म्हणून वर केशरी रंगाचे मोठे फुगे असतात, त्यांच्यात. हवा बंद केली. छोटी बोट उतरवली, रमणा आणि दोघं जाऊन जाळं कापून आले. जेवढं निघालं तेवढं काढलं, एक तुकडा राहिलाच. बोट परत आली, माणसांसाठी शिडी सोडली, मग रिकामी बोट क्रेननं वर घेतली.

आमच्याकडं नियम असा — बोटीत जाताना आपल्या नावाचा बिल्ला फळीवरून काढायचा, आणि जहाजावर परत आल्यावर आपल्या हातानं लावायचा. पण बोट चालवणारा दोस्तीखात्यात तिघांचे बिल्ले एकदम लावून टाकायचा. रोजचंच होतं ते. त्या दिवशीही त्यानं लावले. फळी भरलेली. वरून साहेबांनी विचारलं, “सगळे आले?” फळी बघून उत्तर गेलं, “आले.”

गन सुरू करायची तयारी झाली. आधी एक छोटी गन, मग हळूहळू बाकीच्या, म्हणजे देवमासे वगैरे लांब जातात. कॉम्प्रेसर धडधडत होते. कानावर आवाज अडवणारे जाड मफ. त्या मफमध्ये शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही, हे लक्षात ठेवा. मी सवयीनं पान्यानं कठड्यावर तीनदा हाणलं आणि हात कठड्यावर तसाच ठेवला.

आणि उत्तर आलं.

आधी तळहातात आलं. मग कानात. मफच्या आत, अगदी स्वच्छ... जसं मी आमच्या विहिरीच्या काठावर उभा आहे. ठण. ठण. आणि मग ते घासणं. खर्रर्र.

मी चाचांकडं धावलो, त्यांची बाही धरली, त्यांचा मफ बाजूला केला आणि ओरडलो, “चाचा, खाली माणूस हाय! हवा सोडू नका!”

“कुठे रे माणूस? कोण?”

“माहीत न्हाय! पर हाय!”

चाचांनी माझ्याकडं बघितलं. बस्, तेवढंच. एक हात व्हॉल्व्हवर, दुसऱ्या हातानं वॉकी उचलला. “फायरिंग थांबवा. माणूस पाण्यात आहे.”

वरून साहेब कडाडले, “कोण पाण्यात आहे? फळी भरलेली आहे!”

“असेल. तरी थांबवा.”

“कुणी बघितलं?”

“आधी थांबवा, मग मला काय विचारायचं ते विचारा!” चाचांनी व्हॉल्व्ह बंद केला होता.

आमचं जहाज केबलींमुळं जागेवर थांबू शकत नाही. म्हणून सोबतीला जी राखणीची बोट असते तिला गनच्या बाजूला पाठवलं. मी कठडा धरून उभा होतो आणि मनात एकच... काही नसू दे. मग वाटलं, काही नसलं तर मी येडा ठरणार, उद्या घरी. मग परत वाटलं, ठरू दे येडा, पण काही नसू दे.

वॉकी खरखरला. राखणीच्या बोटीवरचा माणूस विचारत होता, “चाचा, केशरी फुगे किती सोडलेत?”

“चार.”

वॉकी परत खरखरला.

“मला पाच दिसतायत.”

पाचवा फुगा म्हणजे रमणाचं लाईफ जॅकेट होतं. बोटीतून वर येताना शिडीवर तो सगळ्यात मागं. लाट आली, हात सुटला, डोकं जहाजाच्या पत्र्यावर आपटलं. कुणाला दिसलं नाही. वाहत मागं गेला आणि त्या राहिलेल्या जाळ्याच्या तुकड्यात अडकला. बरोबर गनच्या वर. बेशुद्ध. पहिली छोटी गन जरी उडाली असती... मी पुढचं लिहीत नाही.

राखणीच्या बोटीनं त्याला बाहेर काढलं, हेलिकॉप्टरनं दवाखान्यात नेलं. वाचला. आता त्याच्या घरी आहे, फोन करतो. मी त्याला विचारलं, “तू काही वाजवलं का रे? शिट्टी, चाकू, काहीतरी?” तर म्हणाला, “अरे उस्मानाबाद, मला शिडीच्या पुढचं काही आठवतच नाही. माझ्या हातात काय होतं वाजवायला?”

चौकशी झाली. मी घाबरून अर्धा झालो होतो. नसलेले आवाज ऐकू येणाऱ्या माणसाला जहाजावर ठेवत नाहीत, पहिल्या बोटीनं किनाऱ्यावर पाठवतात. साहेबांनी विचारलं, तुम्हाला कळलं कसं? मी तोंड उघडायच्या आत चाचा बोलले, “ठोक्यांचा आवाज आला. मी ऐकला. हा पोरगा माझ्या शेजारी होता.”

ज्या खोलीत केबलींचं ऐकणं बघतात, तिथल्या माणसानं सांगितलं की त्या वेळी असा कसलाच आवाज आलेला नाही. तरी चाचा आपल्या बोलण्यावरून हलले नाहीत. शेवटी साखळी आपटली असेल, असं ठरलं. तिथं साखळी नव्हती.

नंतर चहा घेताना मी हळूच विचारलं, “चाचा, तुम्हाला खरंच ऐकू आलं का?”

“नाय रे बाबा. काय पण नाय ऐकलं.”

“मग थांबवलं कसं?”

“तुझा चेहरा बघितला ना,” म्हणाले, आणि माझ्या बशीत त्यांचं बिस्कीट ठेवलं.

आईला फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर अंगारा लाव म्हणेल. ती मग म्हणाली, “तू वरनं इचारलंस न्हवं?”

“व्हय.”

“मग? इचारलं म्हून त्यानं सांगितलं. त्यात काय येवढं.” आणि पुढं विचारलं, “जेवलास का?”

तिच्यासाठी विषय संपला. माझ्यासाठी नाही. मामानं आयुष्यात समुद्र बघितला नव्हता. तेरणा नदीला पूर आला तरी तो लांबूनच बघायचा. मग तिथं खाली तो कसा... आणि तो नसेल तर ते घासणं कुणाचं? लई विचार केला. काही हाताला लागत नाही. आता मी ठोके दिले की पोरं हसत नाहीत, सगळे आपोआप गप्प होतात. त्यानंतर उत्तर कधीच आलं नाही. पण दरवेळी हात कठड्यावर ठेवून वाट बघताना आत कुठंतरी वाटतं, यावं... मग वाटतं, नको.

चाचांचं कंत्राट या फेरीनंतर संपतंय. ते दाभोळला जातील, मला कुठलं जहाज मिळेल माहीत नाही. चाचा मराठी वाचतात, म्हणून इथं लिहून ठेवतो. चाचा, कधीतरी तुमच्यावर अशी वेळ येईल, की तुम्ही काहीतरी सांगाल आणि कुणाचाच विश्वास बसणार नाही. तेव्हा मला बोलवा. मी जिथं असेन तिथनं येईन. तुमचा चेहरा बघीन, आणि काहीएक न विचारता व्हॉल्व्ह बंद करीन.