दुखत नाही, हे कुणी सांगितलंच नाही

शिमिझू बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात कियोए सानोने एकतीस वर्षं टूना कापला. त्यात उजव्या हाताची तर्जनी कामातून गेली. जरा जोर दिला की मनगटापर्यंत कळ जायची. तरी सुट्टीच्या दिवशी गॅलरीत उभी राहून ती जहाजांची छोटी मॉडेलं रंगवायची, स्प्रेच्या डब्याचं बटण त्याच बोटाने दाबत.

आमच्या मॉडेल मंडळात तिने एका रविवारी मासेमारीचं जहाज मांडलं. निळा रंग एका बाजूला ओघळला होता. मंडळाचे प्रमुख माकिता चष्मा कपाळावर चढवून वाकले.

"डब्याचा रंग ना? तरीच! कियोएसान, डबे पोरासोरांसाठी. खरं काम करायचं तर एअरब्रश घ्या."

दोघं-तिघं हसले. मी मान खाली घालून चहा पीत राहिले.

"तुमचं पहिलं मॉडेल तुम्ही डब्याशिवाय, तोंडाने फुंकून रंगवलंत वाटतं?" कियोए म्हणाली आणि जहाज उचलून चालती झाली.

त्यानंतर दोन महिने ती इरेला पेटली. डब्यानेच रंगवायची, ओघळ आला की खरवडायची, पुन्हा रंगवायची. बोट टम्म सुजलं. शेवटी मीच माझा पेनाएवढा एअरब्रश आणि त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर घेऊन तिच्याकडे गेले.

"माकिताने पाठवलं?"

"नाही गं. एकदा धरून तरी बघ."

तिने खटका दाबला. धुक्यासारखा रंग उडाला. पुन्हा दाबला. मला वाटलं, खूश होईल. तिने एअरब्रश टेबलावर आपटला.

"हे दुखत नाही!"

"मग बरंच की."

"काय बरं? रंग पातळ बसतो, खरे कारागीर हेच वापरतात, एवढंच सगळे उगाळत बसलात. बोट दुखत नाही हे सांगायला कुणाची जीभ झिजली असती? माकिताचं सोड. तू तर भिंतीपलीकडे राहतेस!"

मी कॉम्प्रेसर बंद केला.

पुढच्या बैठकीत तिने माकितांनाही सगळ्यांदेखत हेच ऐकवलं.

"तुमचं बोट दुखतं हे मला काय ठाऊक?" ते म्हणाले.

"विचारलंत कधी?"

माकिता चष्मा पुसत बसले.

कियोएने एअरब्रश घेतला. डबेही टाकले नाहीत. खालचा थर अजून त्यांनीच देते, अंगठ्याने दाबून. मंडळात येते, पण माकितांकडे पाठ करून बसते. माझ्याशी मात्र पुढचा महिनाभर बोलली ती फक्त कचरा कुठल्या दिवशी टाकायचा, एवढंच.