मेणाने बंद केलेला डबा

नाना गेल्याचं सांगायला परशू माळी किहीमहून उरणला आला, तेव्हा मी शाळेच्या पायरीवर उभा होतो. "मास्तर, नाना ऱ्हायले न्हाय," एवढंच तो बोलला. मला त्याचाच राग आला. दोन दिवसांपूर्वी यानेच निरोप धाडला होता, की वाडीतली फिल्मची खोली जळली, पण नाना धडधाकट आहेत, चहा पितायत... खाडी ओलांडायला करंजाच्या तरीत बसलो तरी मला ते खरं वाटेना.

नाना म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कमळताईचे यजमान. मुंबईत फिल्म धुण्याच्या कारखान्यात होते. बोलपट आले आणि मूकपटांच्या रिळांना कुणी विचारीना. चांदी काढायला, बांगड्या करायला ती भंगारात जाऊ लागली. नानांनी हाताला लागतील तेवढी वाचवली आणि स्वातंत्र्यानंतर नोकरी सोडून किहीमच्या आमच्या वाडीत, आईजवळ, आणून ठेवली. त्यांतल्या एका चित्रपटाचं काम किहीमच्या किनाऱ्यावर झालं होतं. ताई तेव्हा परकरी पोर. त्यात ओल्या वाळूतून ती धावत येते, वळते आणि हसते. लग्नानंतर काही वर्षांतच ती विषमज्वराने गेली. तिचा साधा फोटोही कुणाकडे नाही. नानांनी एकदा घरातच चादर बांधून ते रीळ दाखवलं. आई उठून चादरीपाशी गेली, तिच्यावर हात टेकून उभी राहिली आणि ताई आईच्या हातावरून धावत गेली.

दुपारी ओटीवर नानांचं काम चाले. रीळ चाकावर चढवायचं, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या मखमलीतून फीत हळूहळू ओढायची, बुरशी पुसायची, तुटलेलं जोडायचं. सुरुवातीला खोलीला कापराचा वास यायचा, आईला तो आवडे. पुढे तो आंबट झाला, घशाला झोंबू लागला. "ही पेटली ना मास्तर, तर पाण्याखालीसुद्धा जळते," असं नाना मला सहज सांगत. मी म्हणे, मग घरात कशाला ठेवता? त्यावर ते नुसते मखमल पिळत बसत.

ताईच्या रिळाला मात्र त्यांनी वेगळं वागवलं. खाऱ्या हवेची त्यांना धास्ती होती. आई मिठातल्या कैऱ्यांच्या बरणीचं तोंड मेणाने बंद करते, हे त्यांनी पाहिलं आणि ताईचा डबा तसाच बंद केला. बाकीची रिळं उघडायची, पुसायची. हे उघडायचं नाही. "नाना, ताईचं लोणचं घातलंत की," मी चिडवलं. "मुरू द्या," म्हणाले आणि हसले. शेवटच्या भेटीत, ऐन चैत्रात, त्यांनी माझा तळवा फळीवरल्या एका डब्यावर ठेवला. "गरम लागतंय का हो?" लागत होतं. खोलीत ऊन येत नव्हतं...

खोली आपोआप पेटली तेव्हा तांबूस-पिवळा धूर निघाला. नाना आत शिरले आणि ताईचा डबा घेऊन चालत बाहेर आले. डबा तापू लागला होता, मेण वितळायच्या आत तो त्यांनी विहिरीत टाकला. परशूला म्हणाले, "कमळ वाचली." चहा प्यायले, गप्पाही मारल्या. सकाळी श्वास पुरेना. धुराने छाती आतून जळली होती, अलिबागचे डॉक्टर म्हणाले.

तेराव्यानंतर परशूने विहीर उपसली. डबा वर आला. मेण शाबूत होतं, पाण्याचा थेंब आत गेलेला नव्हता. आई शेजारी येऊन बसली. मी सुरीने मेण कापलं, झाकण उचललं. आत तपकिरीसारखी भुकटी होती, तांबडी, कोरडी. कारखान्यातले नानांचे एक जुने सोबती दिवसांना आले होते, त्यांनी भुकटी चिमटीत धरून पाहिली. मग म्हणाले, "या फिल्मला वारा लागतो, मास्तर. कोंडली की तिच्याच वाफेने ती आतून तापते, स्वतःला खाते. हे आजचं नाही, कितीतरी वर्षांपूर्वीचं आहे." ओटीवरच्या चाकावर एक रीळ राहून गेलं होतं, कुठल्याशा राजाच्या लढाईचं. दर आठवड्याला पुसलेलं. ते अगदी स्वच्छ होतं.

आईला आताशा नीट दिसत नाही. तिने डब्यावर वाकून भुकटीत बोट घातलं आणि विचारलं, "यात कमळ कुठं आहे रे?"

डबा आता माझ्याकडे असतो. त्याला झाकण लावायला हात धजत नाही.