प्रतापगडावर गेलेली मी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमगावात आमच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर मोहाचं एक जुनं झाड होतं. भरदुपारी त्याच्याखालून बायका जात नसत. मी मुद्दाम त्याच वेळी धुणं घेऊन जायची... गर्दी नसते म्हणून. या सदरातले अनुभव वाचून मी पुष्कळदा हसले आहे. माझ्या अनुभवाचं मात्र मला हसू येत नाही. रागच येतो, आणि तो अजून गेलेला नाही.

देश स्वतंत्र झाला त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. तेव्हा गोंदिया जिल्हा वेगळा नव्हता, आम्ही भंडाऱ्यात मोडायचो. मी चोवीस वर्षांची. घरी धानाची शेती. माणसं पाच – सासूबाई, थोरले दीर, ज्यांना आमच्याकडे भासरे म्हणतात, जाऊबाई, हे आणि मी. सासूबाईंचं एक अंग लुळं पडलेलं, पण जीभ आणि डोकं दोन्ही शाबूत.

सहलीची कल्पना माझी. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि गोंदियापलीकडे मी काही पाहिलेलं नव्हतं. आमच्याच भागातल्या, अर्जुनीजवळच्या प्रतापगडचा डोंगर, वरचा पडका किल्ला, दर्गा, मग कोहळी लोकांनी कधीकाळी बांधलेलं नवेगावचं अफाट तळं – हे सगळं वडिलांच्या तोंडून ऐकलेलं.

त्यातून आमचा मुलगा जाऊन दीड वर्ष झालं होतं. आठ महिन्यांचा होता. ताप चढला तेव्हा ऐन धानाची रोवणी चालू होती. मी म्हटलं, गोंदियाला दवाखान्यात नेऊ. हे म्हणाले, “दोन दिवस थांब. मजूर मिळून नाही राहिले.” तिसऱ्या दिवशी न्यायला काही उरलं नव्हतं. त्यावर हे कधी एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही. पण त्या घरात माझा श्वास कोंडायचा. दोन दिवस कुठेतरी उंचावर जाऊन वारा खावा, एवढंच मनात होतं.

सगळा प्लॅन मी केला. पहाटेच्या गाडीनं गोंदिया, तिथून चांद्याकडे जाणाऱ्या छोट्या लाइननं अर्जुनी, पुढे बैलगाडी. मुक्काम अर्जुनीत भासऱ्यांच्या ओळखीच्या घरी. दुसऱ्या दिवशी तळं आणि परत. शेजारच्या मास्तरांकडून टाइमटेबल उतरवून घेतलं. चिवडा, अनारसे, पिठलं, तांदळाच्या भाकरी... सगळं माझ्या हातचं. माझं हिरवं लुगडं मी चार दिवस आधीच काढून ठेवलं होतं.

निघायच्या सकाळी सासूबाई म्हणाल्या, “मले एकटीले टाकून सगळेच चालले काय?”

शेजारची काशीबाई त्यांच्याजवळ बसणार हे ठरलेलं होतं. तरी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या नव्या लुगड्याकडे पाहिलं. हे म्हणाले, “तू राय ना वं घरी. तुले पुढच्या साली नेतो.”

“हे सगळं ठरवलं कोनं?” मी विचारलं.

“मंग कायले चिडून राहिली? किल्ला का पळून जाते?”

मी आत जाऊन लुगडं बदललं, घडी करून पेटीत ठेवलं, आणि बाहेर येऊन डबे त्यांच्या हातात दिले.

ते दोन दिवस मी घरात होते. हे ठासून सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सासूबाईंना कुशीवर वळवणं, पेज भरवणं, त्यांची फडकी धुणं. काशीबाई दोन्ही दिवस येऊन गेली, दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत बसून लाखोळीची डाळ निवडली. मला ना स्वप्न पडलं, ना चक्कर आली. मनात नुसता राग होता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मंडळी परतली. हे अंगणात पाय धुताना माझ्याकडे बघून हसले. दीड वर्षात पहिल्यांदा. म्हणाले, “एवढ्या लगबगीनं कायले पुढं आली? पाय दुखत असन, बस जराशी.”

मला वाटलं, टोमणा आहे. तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, “मी स्टेशनापासून आवाज देऊन राहिली. मागं वळून पाहिलं नाही हिनं!”

“कोनं?”

“तू वं. आनखी कोन?”

हळूहळू कळलं ते असं. अर्जुनीच्या स्टेशनवर मी म्हणे मागच्या डब्यातून उतरले. हिरवं लुगडं नेसलेली. मीच त्यांना म्हणाले, काशीबाई लवकर आली, म्हणून धावत येऊन गाडी पकडली. कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. गडावर सगळ्यांच्या पुढे मी चढले. नऊ वर्षांत भासऱ्यांसमोर मी मान वर केली नव्हती, बोलणं तर लांबच – तिथे मी त्यांना हाक मारून खालचं जंगल दाखवलं. हे सांगताना भासरे दुसरीकडे बघत होते. नवेगावला मी पाण्यात पाय सोडून बसले. पोटभर जेवले. सारखी हसत होते.

“तुझा एवढा चांगला स्वभाव असन असं मले वाटलंच नव्हतं,” जाऊबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, मी उंबरठा ओलांडलेला नाही. त्यांना वाटलं, सासूबाईंना टाकून गेले ते लपवते आहे. आवाज चढले. तेव्हा खाटेवरून सासूबाई बोलल्या, “थे कुठं नाही गेली. दोन्ही दिवस मले तिनंच जेवू घातलं.”

काशीबाईला बोलावलं. तीही तेच म्हणाली.  यांच्या चेहऱ्यावरचं हसू माझ्या डोळ्यांदेखत मावळलं.

सकाळी यांनी मला खळ्यावर गाठलं. तिथे दुसरं कोणी नव्हतं.

“गडावर तू मले जे म्हटलं,” हे म्हणाले, “थे तं खरं हाये ना?”

“काय म्हटलं?”

बराच वेळ हातातली तणसाची काडी मोडत राहिले. मग खाली बघत म्हणाले, “सगळे दर्ग्याकडं गेले होते. आपन दोघंच तटावर बसलो होतो. मी म्हटलं, पोराच्या वेळी मी चुकलो. तू म्हणत होती, मी ऐकलं नाही. मले माफ कर. तू माझ्या हातावर हात ठेवला. म्हटलं... कधीच केलं. आता मनात ठेवू नका.”

 दीड वर्ष याच शब्दांची मी वाट पाहत होते. यांना जेवू वाढताना, एका खोलीत झोपताना, रोज. ते शब्द माझे होते. आणि हे ते भलत्याच कोणाला तरी देऊन आले होते.

“मी नाही केलं माफ,” मी म्हटलं.

“पन तू म्हटलं...”

“थे मी नव्हती. मी ही, तुमच्यासमोर उभी. मले म्हणा आता.”

हे वळून बैलांकडे गेले. एकदा मन मोकळं झालेल्या माणसाला दुसऱ्यांदा ते जमत नसावं. 

तिघांनी मिळून माझी थट्टा केली, असं मी पुढे स्वतःला समजावलं. मग उन्हाळ्यात आमगावच्या बाजारात मोहफुलं घेऊन आलेला अर्जुनीकडचा एक गाडीवान मला बघून थांबला. मी त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं.

“राम राम बाई. वळखलं नाही का? तुमाले गडावर मीच नेलं ना. पानी घेऊन वर आलो तं मालक रडून राहिले होते. तुमीच समजावलं त्याइले.”

“मीच होती? नीट पाहा.”

“असं काऊन विचारता? तुमीच. कपायावरचं गोंदनबी हेच.”

काही विकत न घेता मी घरी आले.

संसार पुढे चालू राहिला. दोन मुली झाल्या. सहलीचं नाव मात्र त्या घरात पुन्हा कोणी काढलं नाही. मुली मोठ्या झाल्यावर एकदा मी विषय काढला, तर जाऊबाई पटकन बोलून गेल्या, “तुले नेलं, अन् थेबी आली तं?” आणि हे... यांना ती आवडली होती. हे त्यांनी कधी म्हटलं नाही, पण बाईला कळतं. मी चिडून बोलले की हे माझ्याकडे असे बघायचे, जणू माझ्या मागे दुसरी कोणी उभी आहे आणि मी बाजूला झाले तर बरं.

हे गेले त्याला बारा वर्षं झाली. शेवटपर्यंत शुद्ध होती. एका दुपारी मी औषध पाजत होते तेव्हा म्हणाले, “गडावर तू माफ केलं, म्हणून माझ्यानं जगनं झालं.” मी चमचा हातात धरून थांबले. वाटलं, आता तरी मला म्हणतील. त्यांनी डोळे मिटले आणि समाधानानं पडून राहिले. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. चार दिवसांनी गेले.

धाकटा जावई डॉक्टर आहे. तो म्हणतो, मनाचे खेळ. तिघांच्या आणि वर एका गाडीवानाच्या मनानं एकच खेळ कसा खेळला, हे त्यालाही सांगता येत नाही. ती कोण होती, अर्जुनीला कुठून उतरली, आमगावच्या स्टेशनवरून पुढे कुठे गेली... इतक्या वर्षांत मला काही उमगलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सांगता आलं तर ऐकायची माझी तयारी आहे. गड मी अजून पाहिलेला नाही, त्याचं मला आता काही नाही. पण ती माफी देण्याचा तिला काय अधिकार होता? मी दिली नसती. कदाचित दिलीही असती. मला कोणी विचारलंच नाही.