गोऱ्याची स्टेपनी

विनोदी सिनेमात नायक चिखलात पडला की लोक नायकाकडे बघतात. आल्फ्रेड तुस्कानो मागून जाणाऱ्या बसकडे बघायचा. जुन्या इंग्रजी सिनेमातली बस रेडिएटरच्या जाळीवरून, खिडकीच्या पट्टीवरून ओळखायची, कंपनी, मॉडेल, साल, हा त्याचा छंद. वडील नालासोपारा एसटी डेपोत मेकॅनिक, त्यामुळे रोग वंशपरंपरागत. पोटासाठी तो कतारमध्ये, वेस्ट बेच्या एका ऑफिसात बावीस वर्षं फायलींना नंबर देत होता.

ओळखलेल्या बसेसची यादी त्याने इंटरनेटवर टाकली आणि तीन वर्षांपूर्वी लीड्सहून ईमेलवर ब्रायनसाहेबांचं पत्र आलं. साहेब बस वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ‘तुमच्यासारखा डोळा इंग्लंडात उरलेला नाही. आपण यादीचं पुस्तक काढू, वर तुमचं नाव.’ आल्फ्रेडने ते पत्र छापून फ्रिजवर लावलं. घरात त्याच्या नावाचं दुसरं काही छापलेलं नव्हतं, वीजबिल सोडून.

मंगळवारी रात्री बायकोने, लिझीने, त्याच्या खांद्यावरून नवं पत्र वाचलं.

“तिकडेपण स्टेपनीच म्हणतात?”

“काय?”

“हे बघ. बसची स्टेपनी मागे लटकवलेली, असं लिहिलंय तुझ्या गोऱ्याने.”

आल्फ्रेडने ती ओळ पुन्हा वाचली. इंग्लंडच्या शहरांतल्या त्या बसेस जादा चाक घेऊन फिरत नसत, आणि त्या चाकाला स्टेपनी म्हणणारा माणूस लीड्सचा नव्हे, नालासोपाऱ्याच्या आसपासचा. मग त्याने सगळी पत्रं काढली. शुक्रवारी-शनिवारी एकही नाही. सगळी रविवार ते गुरुवार, सकाळी दहाच्या चहाला. निवृत्त इंग्रज कतारची सुट्टी पाळत होता. आणि शेजारच्या टेबलावरचा मॅल्कम, वसईचाच, दर वेळी पत्र उघडायच्या आधीच विचारायचा, “काय म्हणतो तुझा गोरा?”

शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर पार्किंगमध्ये मॅल्कमने तेच विचारलं.

“वारला,” आल्फ्रेड म्हणाला.

“कोण?”

“ब्रायनसाहेब. बुधवारी. पुतण्याने कळवलं.”

मॅल्कमचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. लिझीने कपाळाला, छातीला बोटं लावून क्रूस काढला, तेव्हा मॅल्कमलाही काढावा लागला. स्वतःच्याच मयताला हजर राहण्याचा योग फार थोड्यांना येतो.

रविवारी दहा वाजून दहा मिनिटांनी रुथबाईंचं पत्र आलं. साहेबांची विधवा. ‘जाण्यापूर्वी यांनी तुमची यादी पुन्हा तपासली. निम्म्याहून जास्त बसेस चुकल्या आहेत, पहिलीसुद्धा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत. पुस्तक आता तुमच्या नावाशिवाय निघेल.’

शेजारी मॅल्कम कडक दुधाच्या करक चहाचे घुटके घेत होता. पत्र कोणी लिहिलं ते आल्फ्रेडला ठाऊक होतं. मॅल्कमला बस आणि टेम्पो यांतला फरक कळत नाही, हेही ठाऊक होतं.

संध्याकाळी त्याने यादीतला पहिला सिनेमा लावला. नायक चिखलात पडला. मागून बस गेली. आल्फ्रेडने चित्र थांबवलं.

“जेवायला चल,” लिझी म्हणाली. “खलास झालं ना ते सगळं?”

“हो,” तो म्हणाला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. “फक्त ती जाळी बघू दे एकदा.”