भाऊजींचा होकार

भाऊजी गेले त्या सकाळी त्यांचा फोन मीच बंद केला आणि ताईच्या कपाटात ठेवला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून लोक मलाच वेड्यात काढतात.

रायपूरजवळ उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये भाऊजी कामगारांची हजेरी घ्यायचे. पुरानी बस्तीतल्या घरी आले की आधी ताईला तिच्या हृदयाच्या गोळ्या द्यायचे, मग चपला काढायचे. कंपनीच्या आरोग्य विम्यात दोघंही होते. पण भाऊजींना पासष्ट लागलं की दोघांचाही विमा संपणार होता. त्याआधी त्यांनी विमा कंपनीला आपल्या फोनवरून होकार दिला, तर ताईचा एकटीचा पुढे चालणार. नाहीतर नवा काढायचा, आणि तिच्या जुन्या दुखण्याला कित्येक वर्षं काही मिळायचं नाही. मी मागे लागलो की हसायचे. "काहून घाई करून राहिला बे? बाबानं शायेत माहं वय दोन वर्षांनी कमी लिवलं. कागदावर मी अजून पोट्टाच आहो!" आणि खोकत बसायचे, रात्री झोपसुद्धा लागायची नाही... त्या खोकल्यानंच नेलं त्यांना. असा राग येतो मला त्यांचा!

तेरवी झाल्यावर मृत्यूचा दाखला घेऊन मी नव्या रायपूरला विम्याच्या ऑफिसात गेलो. कागदावरच्या पासष्टीला चारच दिवस उरले होते. तिथल्या मुलीनं कॉम्प्युटरवर बघितलं. "भैया, सर की हाँ तो परसों ही आ गई." मी दाखला पुढे सरकवला. तिनं तारीख वाचली, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं आणि रेकॉर्डिंग लावलं. आधी नुसती खरखर... मग भाऊजी. "हव, बोलून राहिलो. तिचं सुरू ठेवा." बस, एवढंच. मुलीनं हात जोडले, तो होकार रद्द केला आणि विधवेसाठीचा वेगळा फॉर्म काढला. असा फॉर्म असतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ताईचा विमा वाचला.

घरी येऊन कपाट उघडलं. फोन तसाच होता, बंद.

सांगू की नको करत शेवटी ताईला सांगितलंच. ती तिवऱ्याची पालेभाजी निवडत होती. रडली नाही, घाबरली नाही.

"बोलताना त्यायले खोकला होता का रे?"

"नव्हता, ताई."

"एकदाही नाही?"

"नाही."

"मंग झोप लागत असन त्यायले," ती म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडू लागली.