भगतानं विचारलेलं नाव

आमची वयनी विहिरीत उडी मारायची. मरायला नाही, पोहायला. हे कळायला मला आधी पोटभर पाणी प्यावं लागलं.

सावद्याजवळ आमचा केळीचा मळा. वयनी म्हणजे थोरल्या भावाची, दादाची, बायको. घरात तिला नावानं कोणी बोलवत नसे. आमची माय 'सूनबाई' म्हणायची, दादा 'अवं' म्हणायचा, बाकी गाव 'गोविंदाची माय'. तिसऱ्या बाळंतपणानंतर ती बोलायचीच बंद झाली. पोर रडायचं अन् ती भिंतीकडे बघत बसायची. ताटातली भाकर वाळून जायची. माय म्हणायची, "तीन पोरं झाले, आता कसलं दुःख?" मी तिला हसवायला गाढवासारखा ओरडून दाखवलं. झोपलेलं पोर उठलं, तेवढंच.

एका दुपारी मी केळीला पाणी देत होतो, म्हणजे केळीखाली झोपलो होतो. धप्पकन आवाज आला. बघतो तर काठावर टोपल्यात पोर अन् वयनी पाण्यात! बोंब ठोकली अन् मारली उडी. पाण्यात गेल्यावर आठवलं, आपल्याला पोहता येत नाही.

तिनं केसाला धरून मला पायरीशी आणलं.

"भाऊजी, पोहता येत नही तं उडी कशाले मारली?"

"तुम्हाले वाचवाले."

वयनी हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. म्हणाली, "लोक हिरीत जीव द्याले येतात. मी माहा जीव आणाले येते. लहानपनी नदी पार करायची मी."

पण माझी बोंब गावभर गेली होती. मायनं भूत उतरवणारा भगत बोलावला. तो आला तेव्हा मी कोपऱ्यात विहिरीच्या शेवाळानं हिरवा होऊन थंडीनं कुडकुडत होतो. त्यानं विचारलं नाही, सवरलं नाही, लिंबाचा डहाळा घेऊन मलाच झोडपलं.

"तो नही वो!" माय ओरडली. "तो पहिलेपासून असाच हाये. ही!"

मग भगत वयनीसमोर बसला. "कोन हायेस तू? नाव सांग!"

"तापी."

सगळ्यांनी हात जोडले. तापीमाय अंगात आली! माय तर पाया पडायला आडवीच झाली.

"माय-बिय नही," वयनी म्हणाली. "लग्नात तुम्ही माहं नाव बदललं, त्याच्या पहिलेचं नाव हाये हे. भूतबी नही. मीच हाये."

"भूत असंच म्हनतं," भगतानं आम्हाला समजावलं. मग तिला विचारलं, "काय पाहिजे तुले? कोंबडं? नारळ?"

"रोज दुपारी हीर. तेवढा वेळ पोरं भाऊजींनी सांभाळाची. अन् मले माह्या नावानं हाक मारा."

"कबूल करा," भगत म्हणाला, "नहीतं ती सोडनार नही."

"सोडनारच नही," वयनी म्हणाली.

माय कबूल झाली. दादानं सगळ्यांदेखत 'तापी' अशी हाक मारली तेव्हा त्याचेच कान लाल झाले.

तेव्हापासून दुपारी वयनी पाण्यात अन् मी पाठ करून पोरं सांभाळत काठावर. वर आली की म्हणायची, "भुताले भाकर वाढा!" अन् खायचीही. एका म्हातारीनं टोकलं, "तीन पोरांची माय, लाज नही वाटत?" वयनी म्हणाली, "लाज भाऊजींजवळ ठेवून जाते मी. तेच सांभाळतात." म्हातारी वर्षभर माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायची.

पुढे माझं लग्न ठरलं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं नवरीचं नवं नाव लिहायचं. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मायनं ठरवलेलं 'सुशीला' मी धुळीत गिरवून गिरवून बोट झिजवलं होतं. मांडवात तांदळात 'सु' काढला अन् वयनीनं मनगट धरलं.

"तिले इचारलं?"

माय डोळे वटारून बघत होती. वयनी नवरीकडे वळली.

"तुहं नाव काय वं?"

"गोदी."

"आवडते तुले?"

नवरीची मान हलली. वयनीनं माझा 'सु' तळहातानं पुसून टाकला. "मंग तेच लिव्हा."

ते कुठं मला येत होतं! गोदीलाही येत नव्हतं. ताट कोरंच राहिलं. बामण म्हणाला, नाव लागल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

तेव्हा गोदीनं मुंडावळ्या बाजूला केल्या, अन् पार शेवटच्या पंगतीत ऐकू जाईल असं आपलं नाव पुन्हा सांगितलं.